बोलणारं बिल्ड टूल

वेबसाइट बनवणाऱ्या कोणाच्याही शेजारी पाच मिनिटं बसलात तर एक गोष्ट हमखास दिसेल. पडद्याच्या डाव्या बाजूला कोड, उजव्या बाजूला ब्राउझर. सीएसएस फाइलमध्ये बटणाचा रंग निळ्याचा हिरवा होतो, फाइल सेव्ह होते आणि मान उजवीकडे वळेपर्यंत तिथलं बटण हिरवं झालेलं असतं. पान पुन्हा लोड झालेलं नसतं. अर्धा भरलेला फॉर्म तसाच अर्धा असतो, उघडलेली यादी उघडीच असते, कर्सर होता त्याच रकान्यात लुकलुकत असतो. रोज हे काम करणाऱ्यांना यात नवल वाटेनासं झालंय. मला मात्र ते अजून वाटतं, कारण वेबचा मूळ रिवाज पाहिला तर हे घडायलाच नको.

रिवाज असा: ब्राउझर मागणार आणि सर्व्हर देणार. मागितल्याशिवाय सर्व्हरने तोंड उघडायचं नाही. एचटीटीपीची उभारणीच या शिस्तीवर झाली, आणि वेब इतकं साधं आणि टिकाऊ राहिलं त्याचं एक कारण ही शिस्तच आहे. मग ब्राउझरने काहीही विचारलेलं नसताना, फाइल बदलल्याचं त्याला कळवलं कोणी?

कळवलं बिल्ड टूलने. फायली जोडायच्या, आटोपशीर करायच्या आणि बाजूला व्हायचं, एवढंच ज्याचं काम होतं त्या अवजाराच्या पोटात आता एक वेबसॉकेट सर्व्हर, म्हणजे ब्राउझरशी जोडणी उघडी ठेवून न विचारताही बोलू शकणारा सर्व्हर, चालू असतो. सेव्हची कळ दाबणं आणि बटण हिरवं होणं यांच्यामध्ये जे काही घडतं, ते एकेक करून पाहण्यासारखं आहे.

काम उरकलं की निघून जाणारं अवजार

बिल्ड टूलची परंपरा जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' लिहिलं. मेक चालवलं की ते कोणत्या फायली बदलल्यात ते बघतं, लागेल तेवढंच नव्याने तयार करतं आणि संपतं. जावास्क्रिप्टच्या जगात २०१२ मध्ये बेन अल्मन यांचं ग्रंट आलं आणि पाठोपाठ गल्प आलं. स्वभाव तोच. कामांची यादी द्यायची, ती उरकली जाते, टर्मिनल मोकळं होतं.

अशा स्वभावाच्या प्रोग्रॅममध्ये सर्व्हर चालवायचा म्हटलं की पहिल्याच पावलाला अडतं, कारण सर्व्हरचं काम कधी उरकत नाही. ग्रंटच्या एखाद्या टास्कमध्ये वेबसॉकेट सर्व्हर सुरू केला तर तो सुरू होतो खरा. पण पुढच्याच क्षणी ग्रंटच्या हिशेबी यादी संपलेली असते. ते बाहेर पडतं आणि सर्व्हरही त्याच्याबरोबर जातो. यावरचा उपाय मजेशीर आहे. टास्कने ग्रंटला सांगायचं, 'माझं काम थोडं लांबणार आहे, झालं की कळवतो', आणि मग कधीच कळवायचं नाही. त्या न दिलेल्या निरोपावर सर्व्हर जिवंत राहतो. ग्रंटच्या नेहमीच्या वेब सर्व्हर प्लगइनमध्ये 'कीपअलाइव्ह' नावाचा पर्याय आहे तो याचसाठी.

हे मुळात शक्य झालं ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमुळे. रायन डाल यांनी २००९ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फ परिषदेत नोड जगासमोर मांडलं, तेव्हा त्यातली मुख्य गोष्ट होती वाट बघण्याची पद्धत. नोडमध्ये उघडं सॉकेट असेल तोवर प्रोग्रॅम आपणहून संपत नाही, आणि नुसती वाट बघण्यात प्रोसेसर अडकून पडत नाही. त्यामुळे एकच प्रोग्रॅम फायलींवर नजर ठेवतो, कोडचं रूपांतर करतो, एचटीटीपी विनंत्यांना उत्तरं देतो आणि शिवाय कित्येक वेबसॉकेट उघडी धरून बसतो. ज्या भाषेत ब्राउझरमधलं पान लिहिलंय त्याच भाषेत हे अवजारही लिहिलेलं असतं, हा त्यातला आणखी एक योग.

एकाच पोर्टवर दोन बोली

आजचं फार वापरातलं उदाहरण घेऊ: व्हीट. व्ह्यू या फ्रेमवर्कचे कर्ते इव्हान यू यांनी ते २०२० मध्ये आणलं. व्हीट सुरू केलं की ते ५१७३ या पोर्टवर पान देऊ लागतं. पान देताना त्यात आपली एक छोटी स्क्रिप्ट घालून देतं. आपण लिहिलेल्या फाइलमध्ये ही स्क्रिप्ट नसते. ब्राउझरकडे जाता जाता ती पानाला जोडली जाते. पान उघडताच ही स्क्रिप्ट वेबसॉकेटची मागणी करते, आणि तीसुद्धा त्याच पोर्टवर.

मागणी साध्या एचटीटीपीतच होते. नेहमीसारखी एक गेट विनंती, फक्त तिच्या हेडरमध्ये लिहिलेलं असतं की हे संभाषण आता वेबसॉकेटवर न्यायचंय. सोबत ब्राउझर १६ बाइट्सची एक किल्ली पाठवतो. ती दर वेळी वेगळी, वाटेल तशी निवडलेली असते आणि बेस-६४ मध्ये लिहिल्यावर २४ अक्षरांची होते. सर्व्हर या २४ अक्षरांच्या शेवटी ३६ अक्षरांची एक ठरलेली ओळ जोडतो. ही ओळ २०११ च्या डिसेंबरात आलेल्या आरएफसी ६४५५ या दस्तऐवजात छापलेली आहे आणि जगातल्या प्रत्येक वेबसॉकेट सर्व्हरसाठी एकच आहे. जोडून झालेल्या ६० अक्षरांवर एसएचए-१ चालवायचं, येणारे २० बाइट पुन्हा बेस-६४ मध्ये लिहायचे आणि १०१ या क्रमांकाच्या उत्तरात परत पाठवायचे.

यात गुप्त असं काही नाही, कारण ती ओळ कुणीही वाचू शकतो. या खटाटोपाचा हेतू वेगळा आहे. समोरचा सर्व्हर खरोखर वेबसॉकेट जाणतो, कुठल्या तरी मधल्या यंत्राने साठवलेलं जुनं उत्तर पुढे सरकवलेलं नाही, याची ब्राउझरला खात्री हवी असते. ताज्या किल्लीचं बरोबर उत्तर आलं की ती खात्री पटते.

१०१ आलं की त्याच टीसीपी जोडणीवरची बोली बदलते. तार तीच, पोर्ट तोच, पण एचटीटीपी थांबतं आणि वेबसॉकेट सुरू होतं. नोडचा एचटीटीपी सर्व्हर अशा वेळी 'अपग्रेड' नावाचा इव्हेंट उठवून कच्चं सॉकेटच आपल्या हाती देतो. व्हीट तेव्हा विनंतीतली उपबोली बघतं. ती आपल्या स्क्रिप्टची असेल तर जोडणी स्वतःकडे घेतं, नसेल तर हात लावत नाही. म्हणूनच तुमच्या अ‍ॅपचं स्वतःचं, समजा चॅटसाठीचं वेबसॉकेट आणि व्हीटचं वेबसॉकेट एकाच पोर्टवर सुखाने नांदू शकतात.

जोडणी झाल्यावर व्हीट पहिला निरोप पाठवतं: 'जोडलं गेलं'. जेसनमध्ये लिहिलेला हा निरोप मोजून २० अक्षरांचा आहे. तारेवर तो २२ बाइट्सचा होऊन जातो. पहिला बाइट १२९. त्यातला १२८ सांगतो की निरोप इथेच पुरा होतो, पुढे तुकडा नाही. उरलेला १ सांगतो की आत मजकूर आहे. दुसरा बाइट २०, म्हणजे मजकुराची लांबी. मग ते २० बाइट. एवढंच. एचटीटीपीच्या साध्याशा विनंतीलाही हेडरचे शेकडो बाइट सोबत न्यावे लागतात. इथे वरखर्च दोन बाइट्सचा.

मजकूर यूटीएफ-८ मध्येच असला पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे मराठी निरोपालाही वेगळी सोय लागत नाही. 'नमस्कार' पाठवला तर त्यातली न, म, स, हलन्त, क, काना आणि र ही सात चिन्हं प्रत्येकी तीन बाइट घेतात आणि दुसऱ्या बाइटमध्ये २१ येतो. यातलं एखादं चिन्ह मोडकं पोचलं तर घेणाऱ्याने १००७ हा आकडा सांगून जोडणी बंद करायची, इतका हा नियम कडक आहे.

फाइल बदलली हे कळतं कसं

जोडणी झाली, आता सांगायला काही हवं. फाइल बदलल्याचं अवजाराला कसं कळावं? हजार फायली दर अर्ध्या सेकंदाला उघडून बघणं हा एक मार्ग आहे, पण त्यात लॅपटॉपचा पंखा गरगरतो आणि बॅटरी उतरते. सुदैवाने ही दखल खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमच घेते. लिनक्सच्या कर्नलमध्ये २००५ पासून 'आयनोटिफाय' आहे, मॅकवर २००७ पासून 'एफएसइव्हेंट्स' आहे, विंडोजचीही आपली सोय आहे. अमुक फोल्डरमध्ये काही हललं तर मला उठव, असं कर्नलला सांगून ठेवायचं आणि निवांत राहायचं.

तिघांची तऱ्हा मात्र वेगवेगळी. ती एकसारखी करून देणारी 'चोकिदार' नावाची लायब्ररी २०१२ मध्ये आली आणि व्हीटसकट असंख्य साधनं तिच्यावर उभी आहेत. तिला काय काय सांभाळावं लागतं त्याचा एक मासला बघा. काही एडिटर सेव्ह करताना मूळ फाइलवर लिहीतच नाहीत. मध्येच वीज गेली तर फाइल अर्धवट राहू नये म्हणून ते आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये सगळं लिहितात आणि मग तिला मूळ नाव देतात. माणसाच्या लेखी हे एक सेव्ह, पण कर्नलच्या लेखी एक फाइल गेली आणि दुसरी आली. हे जसंच्या तसं पुढे कळवलं तर बिल्ड टूल 'फाइल नाही' म्हणून लाल अक्षरांत ओरडेल. म्हणून चोकिदार फाइल गेल्याची बातमी १०० मिलिसेकंद दाबून धरतं. तेवढ्यात त्याच नावाची फाइल परत आली तर ते म्हणतं, बदलली. या सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात अवजाराने लिहिणाऱ्याचा हेतू ओळखलेला असतो.

दवंडी आणि साखर

आता मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग. फाइल बदलल्याचं कळलं म्हणजे बिल्ड टूल नवी फाइल वेबसॉकेटवरून ब्राउझरकडे ढकलत असेल, असं कुणालाही वाटेल. व्हीट तसं करत नाही. गावात दवंडी पिटणारा एवढंच सांगतो की रेशनच्या दुकानात साखर आलीय. साखर त्याच्या खांद्यावर नसते, ज्याची त्याने जाऊन आणायची असते. वेबसॉकेटवरून जाते ती फक्त बातमी: अमुक मार्गावरची फाइल अमुक क्षणी बदलली. ती ऐकून ब्राउझर नेहमीसारखी एचटीटीपी विनंती करतो आणि फाइल घेऊन येतो. मागणार ब्राउझर, देणार सर्व्हर हा मूळ रिवाज मोडलेला नाही. कधी मागायचं एवढं आता सर्व्हर सुचवतो. ही बातमी त्या क्षणी जोडलेल्या सर्वांना जाते. त्यामुळे त्याच वायफायवर फोन आणि टॅबलेट यांनीही पान उघडलेलं असेल, तर एका सेव्हनिशी तिन्ही पडद्यांवर बटण हिरवं होतं.

फाइल आणण्यातही एक खुबी आहे. जावास्क्रिप्टचं मॉड्यूल एका पत्त्यावरून एकदा आणलं की ते पान उघडं असेतोवर ब्राउझर त्या पत्त्यावर पुन्हा जात नाही. मग तीच फाइल पुन्हा मागायची कशी? पत्त्याच्या शेपटाला बदलाची वेळ लावून. १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद उलटले तो तेरा आकडी क्रमांक पत्त्याला जोडला की ब्राउझरच्या लेखी तो नवा पत्ता होतो. सीएसएसची फाइल पानाला लिंकने जोडलेली असेल तर स्क्रिप्ट तशाच नव्या पत्त्याचा लिंक टॅग जुन्याशेजारी ठेवते, आणि नवा पूर्ण उतरल्यावरच जुना काढून टाकते. म्हणून मधल्या वेळात पान क्षणभरही उघडंबोडकं दिसत नाही.

रंगाचं झालं. पण बदल जावास्क्रिप्टमध्ये असेल तर? चालू प्रोग्रॅमचा एक भाग काढून तिथे दुसरा बसवायचा, आणि बाकीचा प्रोग्रॅम चालूच ठेवायचा, हे काम फार अवघड आहे. जावास्क्रिप्टमध्ये ते वेबपॅक या बिल्ड टूलचे कर्ते टोबियास कॉपर्स यांनी रुळवलं. त्याला हॉट मॉड्यूल रिप्लेसमेंट म्हणतात. पुढे २०१५ मध्ये पॅरिसच्या रिअ‍ॅक्ट युरोप परिषदेत डॅन अब्रामोव्ह यांनी ते रंगमंचावर करून दाखवलं, आणि ही सोय आपल्याकडेही हवी असं असंख्य प्रोग्रॅमरना वाटू लागलं.

त्यामागची युक्ती अशी. कोणती फाइल कोणाला लागते याचा पूर्ण नकाशा बिल्ड टूलच्या स्मरणात असतो. समजा 'बटण' ही फाइल बदलली. टूल आधी बटणालाच विचारतं: स्वतःची नवी प्रत बसवून घेणं तुला जमतं का? नाही म्हटलं तर बटणाला वापरणाऱ्या 'फॉर्म'ला विचारतं, मग फॉर्मला वापरणाऱ्या 'पाना'ला. जो पहिल्यांदा 'हो' म्हणेल तिथे बदल थांबतो आणि तेवढाच भाग नव्याने बसतो. शेवटपर्यंत कोणीच 'हो' म्हणालं नाही, तर 'पूर्ण पान पुन्हा लोड करा' असा निरोप जातो. बहुतेक वेळा हा 'हो' आपण लिहीत नाही. रिअ‍ॅक्टचे किंवा व्ह्यूचे प्लगइन तो आपल्या कोडमध्ये घालून देतात.

यात जाणाऱ्या मॉड्यूलचीही काही जबाबदारी असते. पानावर घड्याळ आहे आणि ते दर सेकंदाला हलवणारा टायमर मॉड्यूलने लावलाय असं समजा. मॉड्यूल बदललं, नव्याने आपला टायमर लावला, पण जुन्याचा टायमर चालूच राहिला तर एकाच घड्याळावर दोघांचा हात पडतो. पाच वेळा सेव्ह केलं की पाच जादा टायमर. म्हणून मॉड्यूलला जाण्याआधी आवराआवर करायची संधी मिळते, आणि सोबत एक छोटी पिशवीही मिळते. काटे कुठवर आले होते ते तिच्यात ठेवलं की तीच पिशवी नव्या मॉड्यूलच्या हाती पडते. कोड बदलतो, पण त्याची आठवण पुढे जाते.

ब्राउझरचं उलट बोलणं

वेबसॉकेट दोन्ही बाजूंनी बोलतं. पण फाइल बदलल्याची बातमी तर एकाच बाजूने जाते. मग दुहेरी रस्ता हवाच कशाला? हा प्रश्न रास्त आहे, आणि इव्हान वॉलेस यांच्या ईएसबिल्ड या बिल्ड टूलने त्याचं उत्तर वेगळं दिलंय. तिथे लाइव्ह रीलोडसाठी सर्व्हर-सेंट इव्हेंट्स वापरतात, म्हणजे एचटीटीपीचंच एक न संपणारं उत्तर, ज्यात सर्व्हर सवडीने ओळी टाकत राहतो. नुसत्या बातमीला तेवढं पुरतं.

व्हीटमध्ये मात्र दुसऱ्या दिशेलाही काम आहे. प्लगइन लिहिणारा पानाकडून स्वतःचे निरोप मागवू शकतो: पानावरच्या या घटकावर कोणी क्लिक केलं, त्याची मूळ फाइल एडिटरमध्ये उघड. पानातली स्क्रिप्ट दर तीस सेकंदांनी 'पिंग' असा एक निरोपही पाठवते, कारण मध्ये एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी असेल तर बराच वेळ गप्प असलेली जोडणी तो तोडून टाकतो. वेबसॉकेटच्या नियमांत पिंगची खास चौकट आहेच, पण ब्राउझर ती जावास्क्रिप्टच्या हाती देत नाही. म्हणून इथे साध्या मजकुरानेच काम भागवलेलं आहे.

ब्राउझरकडून जाणाऱ्या निरोपाला आणखी चार बाइट लागतात. ते चार बाइट दर निरोपाला नव्याने निवडले जातात आणि सगळा मजकूर त्यांच्याशी एक्सऑर करून पाठवला जातो. कारण मोठं आहे. मधले काही जुने प्रॉक्सी अपग्रेड न समजता वेबसॉकेटच्या मजकुरालाच नवी एचटीटीपी विनंती समजू शकतात, आणि दुष्ट हेतूचं पान त्यांच्या साठ्यात खोटी फाइल घुसवू शकतं, असं २०१० मध्ये संशोधकांच्या ध्यानात आलं. त्या डिसेंबरात मोझिलाने फायरफॉक्स ४ मधलं वेबसॉकेट चक्क बंद ठेवलं. हा मुखवटा ठरल्यावरच ते वेबवर सुखरूप परतलं.

आपल्याच लॅपटॉपवरचा सर्व्हर

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते, कारण ती सहज नजरेआड होते. स्वतःच्या लॅपटॉपवर चालणारा हा सर्व्हर खराखुरा सर्व्हर आहे. साध्या विनंतीचं उत्तर दुसऱ्या साइटला वाचू न देण्याचा बंदोबस्त ब्राउझर करतो. वेबसॉकेटला तो बंदोबस्त नाही. दुसऱ्या टॅबमध्ये उघडलेली कोणतीही अनोळखी साइट लोकलहोस्टवरच्या वेबसॉकेटला जोडण्याचा प्रयत्न करू शकते. ब्राउझर फक्त 'ही मागणी अमुक साइटवरून आलीय' असं हेडरमध्ये लिहून देतो. ते वाचायचं की नाही हे सर्व्हरच्या हाती.

ही तपासणी नसल्याची उणीव २०१८ मध्ये वेबपॅकच्या डेव्हलपमेंट सर्व्हरमध्ये सापडली आणि दुरुस्त झाली. २०२५ च्या जानेवारीत व्हीटमध्येही तशीच उणीव जाहीर झाली आणि ६.०.९ या आवृत्तीत तिच्यावर उपाय आला. आता व्हीट पानात घालून दिलेल्या स्क्रिप्टला एक गुप्त टोकन देतं आणि ब्राउझरमधून येणाऱ्या जोडणीकडे ते मागतं. स्वतःच्या बिल्डमध्ये वेबसॉकेट सर्व्हर जोडणाऱ्याने ही शिकवण उशाशी ठेवावी: कोण जोडतंय ते आधी बघा, मग बोला.

स्वतः बघण्यासारखं

२०१२ च्या जानेवारीत माँट्रियलमध्ये ब्रेट व्हिक्टर यांनी एक व्याख्यान दिलं होतं. त्यात एका झाडाचं चित्र काढणारा कोड होता. आकडा बदलला की त्याच क्षणी झाड बदलायचं. निर्माण करणाऱ्याला आपण काय करतोय ते तत्काळ दिसलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. मला बिल्ड टूलमधला हा छोटा सर्व्हर त्याच आग्रहाचं रोजच्या वापरातलं रूप वाटतो. बदल, सेव्ह, रीलोड, पुन्हा फॉर्म भरा, पुन्हा त्याच जागी या, या फेऱ्यांत जो विचार वाटेत सांडायचा, तो आता सांडत नाही.

आणि हे सगळं डोळ्यांनी बघता येतं. व्हीटचा एखादा प्रकल्प चालू करा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा भाग उघडा, पान रीलोड करा आणि वेबसॉकेटच्या ओळीवर क्लिक करून तिचे निरोप बघा. मग एक रंग बदला: आधी बातमी येईल, लगेच मागोमाग फाइल मागायला विनंती जाईल, पत्त्याच्या शेपटाला तेरा आकडे घेऊन. नंतर टर्मिनलमध्ये व्हीट बंद करा. पानातली स्क्रिप्ट हार मानत नाही. सर्व्हर परत आला का हे ती थोड्या थोड्या वेळाने विचारत राहते. व्हीट पुन्हा सुरू केलंत की पान आपोआप ताजं होईल. एकदा हे जवळून पाहिलं की यात जादू नाही हे कळतं, आणि माणसांनी किती बारकाईने विचार करून हे जुळवलंय हेही कळतं. माझं नवल तिथून पुढे वाढलं.